आमची वाटचाल : राहुट्या, मेखा आणि पन्हाळ्यावरचं मुलींचं शिबिर

पन्हाळ्यावर मे महिन्यात मुलींचं शिबिर भरायचं, ते बंद होऊन आता पंचवीसेक वर्षं झाली. त्या वेळच्या मुली आज स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा मंडप ठरवायला आमच्या दुकानात येतात. बोलता बोलता म्हणतात, "त्या चौकातल्या दुकानाच्या राहुट्या काय मजबूत असायच्या हो!" त्या राहुट्या आमच्या होत्या. चौकातल्या दुकानानं तिथं फक्त दोन हंगाम काम केलं आणि पाटीवर मात्र 'शिबिरांचे खास' असं कायमचं रंगवून घेतलं. तेव्हा हे एकदा कागदावर यायलाच हवं होतं.

पेढी आबांनी सुरू केली ती मंडपाची नव्हे, राहुट्यांची. भांडवल आबांचं, हात शिंपीमामांचे. भागीदारी तोंडी, नफ्यात दहा आणे आबांचे, सहा आणे मामांचे. मामांकडं एक दाभण होतं, मूठ लाकडी, टोक त्रिधारी. कॅनव्हासच्या चार घड्यांतून ते जायचं. दोरा सुती, तीन पदरी, मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढलेला. मेण लावलं नाही तर दोरा कापडात घासून फुलतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात शिवण उसवते. लांब शिवणी मशीनवर व्हायच्या. दाभण लागायचं ते कोपऱ्यांना, रिंगांच्या काठाला आणि आढ्याच्या पट्टीला. छपराच्या शिवणीची घडी कायम खालच्या बाजूला वळवायची, कौलावर कौल चढतं तशी. घडी वर राहिली तर त्या पन्हाळीत पाणी साचतं आणि टिपक्याटिपक्यानं आत येतं. आजच्या तयार मालात ही शिवण उलटी निघाली की आमचा जीव अजून वरखाली होतो.

राहुटीचं माप ठरलेलं : तळ १२ बाय १० फूट, मधोमध उंची ७ फूट, कडेची भिंत २ फूट, दोन खांब, वर आढं. १२ फुटांत सहा मुली, माणशी दोन फूट. १० फुटांतले सहा झोपायला, चार ट्रंका आणि ये-जा करायला. सातवी मुलगी घातली की कुणाची तरी वळकटी कडेच्या कापडाला टेकणार, आणि पावसात कापडाला आतून काहीही टेकलं की तिथून झिरपायला लागतं. दारातल्या मुलीला हे सांगायचं काम शिबिराच्या बाईंचं. कापड दुहेरी ठेवायचं आमचं.

मुलींच्या राहुटीत आणि बाकीच्या राहुटीत फरक असतो, हे शिबिराच्या बाईंनी आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. रात्री आत कंदील लावला की पांढऱ्या कापडावर बाहेरून सगळी सावली दिसते. मामांनी आतून गडद निळं अस्तर जोडलं, आणि कंदील आढ्याला न टांगता जमिनीवर, दाराजवळ, काचेला पत्र्याची आडकाठी लावून ठेवायचा ठरला. दाराच्या नाड्या बाहेरून असायच्या; त्या आतून, दर नऊ इंचाला एक, अशा केल्या. न्हाणीच्या कनाती, म्हणजे आडोशाचे कापडी पडदे, सहा फुटी होत्या, त्या सात फुटी केल्या. तेवढ्यानं भागलं नाही, कारण गडावर तटावर उभं राहिलं की खालचं सगळं दिसतं. म्हणून न्हाणीवर छतही आलं. कनातीचा खालचा हातभर भाग आत दुमडून त्यावर दगड. नाहीतर वारा बरोबर तिथूनच शिरतो.

दरवर्षी पाडवा झाला की बाई वहीच्या दोन पानांची यादी घेऊन यायच्या. ६० मुली, १० राहुट्या. दोन बायांना, एक कोठीला, एक आजारी मुलीला, एकूण १४. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या ५, त्यांच्या जाळ्या (मेंटल) २०, पिना १०. रॉकेल टाकीत पाऊण भरायचं, काठोकाठ नाही, हेसुद्धा यादीत लिहिलेलं असे. पाण्याची पिंपं दिवसाला १२०० लिटरच्या हिशेबानं, म्हणजे मुलीमागं २० लिटर, त्यात स्वयंपाक धरून. आणि शेवटी मेखा. एका राहुटीला मोठ्या १०, म्हणून १४०. वर शेकडा दहा जादा, १४. एकूण १५४. बाई गोणीतून एकेक काढून मोजायच्या. "आबा, दीडशेच भरल्या. चार कुठंयत?" आबा म्हणायचे, "बाई, तुम्ही शाळेत मुलींना तरी इतकं मोजता का?" मग चार सापडायच्या. पैसे कधी एक दिवस उशिरा आले नाहीत, आणि घासाघीस फक्त कनातीवर.

आता जागेबद्दल. पन्हाळ्यावर वर मातीचा पातळ थर आणि खाली जांभा. घणाचा पहिला ठोका मातीत जातो, दुसऱ्याला टण्ण आवाज येतो, तिसऱ्याला मेख वाकते. लाकडी खुंटी तर फुटतेच. मेख लोखंडी, १८ इंची. आधी पहारीनं भोक पाडायचं, मेखेपेक्षा निमूळतं, आणि मग ठोकायची. १२ इंच आत, ६ बाहेर, डोकं राहुटीपासून लांब कललेलं. तणाव्याची, म्हणजे ताणाच्या दोराची, मेख भिंतीपासून पाच फुटांवर. जवळ मारली तर ओढ सरळ वर लागते आणि मेख उपटून येते. चर वरच्या अंगाला, अर्धा फूट खोल, आणि त्याचं तोंड उताराकडं. नुसता गोल चर खणला की राहुटीभोवती तळं होतं. मुलींची डोकी चढाच्या बाजूला. शेकोटी राहुट्यांपासून पन्नास फूट तरी लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कारण ठिणगीनं पडलेलं भोक सकाळी दिसतं आणि दुपारच्या वळवात कळतं.

वळीव हा शिबिराचा खरा पाहुणा. दुपारी तीननंतर आभाळ काळवंडलं की सुती तणावे सैल करायचे. हे नवख्याला उलटं वाटतं. सुती दोर भिजला की आखडतो. ताणलेलाच ठेवला तर एक तर मेख उपटतो नाहीतर रिंग फाडतो. नायलॉनचं बरोबर उलट : भिजला की लांबतो आणि छप्पर पोटासारखं लोंबतं. ज्याच्याकडं दोन्ही आहेत त्यानं एका राहुटीला मिसळून कधी लावू नये.

मे म्हणजे लग्नसराई, आणि त्याआधी चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची यात्रा. केर्लीपासून वाघबिळापर्यंत त्या दिवसांत ट्रक नेणं म्हणजे वेडेपणा. जागा बघायला जायचं ते यात्रेच्या आधी किंवा नंतर. यात्रेला गेलेलं कापड शिबिराला द्यायचं नाही, हा आबांचा नियम. गुलाल कितीही झटका, शिवणीत राहतोच. ओल लागली की गुलाबी पाणी ओघळतं आणि मुलींच्या पांढऱ्या गणवेशावर उतरतं. एक वर्ष चुकून एक राहुटी गेली. बाईंनी ती कोठीची केली. त्या वर्षी तांदळाची पोती गुलाबी झाली.

चौकातलं दुकान आलं ते याच लग्नसराईच्या कात्रीत. कनाती लग्नाला दिल्या तर दुप्पट भाडं, शिबिराला दिल्या तर यादीतलं भाडं. आमच्याकडं कनाती अडकल्या, आठ दिवस उशिरा कळवलं, ती चूक आमचीच. त्यांनी एकरकमी भाव सांगितला, तंबू नायलॉनचे, रंगीत, नवे कोरे. शिबिराच्या समितीला फोटोत ते फार आवडले.

दोन हंगाम ते काम त्यांचं. लोकांना वाटतं, आम्ही म्हणणार की त्यांचे तंबू उडाले. नाही उडाले. जांभ्यावर मेख बसत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं आणि त्यांनी बारदानाच्या पोत्यांत फुटका जांभा भरून, पोत्याच्या मध्यावर दोर बांधून, पोतं अर्धं जमिनीत पुरलं. कोपऱ्याला दोन पोती. वळवात एकही हललं नाही. आम्ही पुढं कातळावर कायम हेच केलं आणि अजून करतो. त्यांचं हे देणं आम्ही मानतो. पाटीचं मानत नाही.

बोंब झाली ती वेगळीच. नायलॉनच्या तंबूत दुपारी बारानंतर बसवत नाही. कापूस श्वास घेतो, नायलॉन घेत नाही. आतली वाफ आतच राहते आणि पहाटे छतावरून दवासारखी टपकते. मुली दुपारभर झाडाखाली. कंदिलाजवळच्या एका दाराचं कापड वितळून रुपयाएवढं भोक पडलं. कनाती सहा फुटी. तिसऱ्या पाडव्याला बाई वही घेऊन परत आमच्या दुकानाच्या पायरीवर. एक शब्द मागचा नाही. "आबा, चौदा. आणि अस्तर निळंच." शिंपीमामा तेव्हा आत बसले होते, चष्मा काढून पुसत राहिले.

उतरवण्याचा कायदा मात्र आमचाच चालायचा. बाईंना बस सकाळी आठला हवी असायची. आम्ही अकरापर्यंत कापडाला हात लावू देत नसू. गडावर मे महिन्यातही सकाळचं धुकं असतं आणि दवानं कापड भिजलेलं असतं. ओलं घडी केलं की दोन-तीन दिवसांत बुरशी, आणि बुरशीचा काळा ठिपका जात नाही. तिथं कापड कुजून बोटानं फाटतं. मुली मग तीन तास लेझीम आणि लाठी करत बसायच्या. बस वाट बघायची.

पुढं बाई निवृत्त झाल्या, शिबिर थांबलं. मामा गेले. आम्ही मंडपाकडं वळलो. मधली वीस वर्षं लग्नं, बारशी, गणपती. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पोट भरलं. तरुण मंडळांना उधारी देऊ नका, एवढं मात्र त्यातून शिकलोय. अनामत घ्या. ओळखीचा असला तर जास्त घ्या.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. आमचं गोदाम कोल्हापुरात शाहूपुरीत, २००५ चं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर. रॅक त्या खुणेच्या हातभर वर बांधलेली. सगळ्या गावानंच २००५ हे माप धरलं होतं. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, गोदामात जायला होडी. पाणी उतरलं तेव्हा रॅकवरचे मंडपाचे पडदे, गाद्या, कार्पेट चिखलात, आणि वास असा की दारात उभं राहवेना. विमा आगीचा होता, पुराचा नव्हता. ज्यांनी पॉलिसी वाचली नसेल त्यांनी हे वाक्य झाल्यावर लगेच वाचावी.

वाचलं ते माळ्यावरचं. माळ्यावर शिबिराच्या जुन्या राहुट्या होत्या, १४. त्या भंगारात काढा म्हणून घरात पाच वर्षं वाद चालू होता. पाच उंदरांनी खाल्लेल्या, नऊ धड. खाली भिजलेल्यातल्या कनातीही निम्म्या वाचल्या. रीत अशी : आधी नुसत्या पाण्यानं चिखल काढायचा, ब्रश मऊ, साबण नाही. ब्लीचिंग अजिबात नाही, सुताचा जीव जातो. दोरीवर सावलीत, घडी न पडू देता. ऑगस्टात ऊन कुठलं. एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळाला, पंखे लावून नऊ दिवस.

मग पाणी अडवण्याचा जुना उपाय, मामांचा. एका राहुटीला २० लिटर गरम पाण्यात एक किलो साध्या वडीचा साबण किसून. कपड्यांची पावडर चालत नाही. त्यात कापड भिजवून पिळायचं, अर्धवट सुकवायचं. मग दुसऱ्या २० लिटरमध्ये एक किलो तुरटी, त्यात बुडवायचं. साबण आणि तुरटी सुताच्या आत भेटतात आणि तिथं पाण्यात न विरघळणारा थर बसतो. दोन्ही एकाच पिंपात घातलं तर पिंपातच दही होतं आणि कापड होतं तसंच राहतं. पहिल्या राहुटीला आमच्या पोरांनी हेच केलं.

पुढच्या हंगामांत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या गटांना मुक्कामाला त्याच नऊ राहुट्या भाड्यानं दिल्या. निळं अस्तर तसंच आहे. चालणाऱ्या पोरींपैकी एकीनं विचारलं, दाराच्या नाड्या आतून कशा काय. तिला सांगितलं.

मेखांवर आबांनी छिन्नीनं दोन ठिपके मारून घेतले होते, डोक्याच्या खाली. नव्या मेखा केल्या तरी ठिपके मारतोच. चौकातल्या दुकानाचा माणूस ज्या वर्षी काम त्यांच्याकडं होतं त्या वर्षी १२ मेखा उसन्या घेऊन गेला होता. नऊ परत आल्या. गेल्या मार्गशीर्षात एका लग्नाला पाहुणे म्हणून गेलो होतो, मंडप त्यांचा. मुख्य दाराच्या डाव्या तणाव्याला दोन ठिपक्यांची मेख होती. जेवण झाल्यावर पुन्हा जाऊन बघितली. उरलेल्या दोन कुठं आहेत, ते अजून बघायचंय.