मावा पोसणारी नर्सरी : आमची वाटचाल

आमच्या नर्सरीत सगळ्यांत जास्त लाड कुणाचे होतात असं कुणी विचारलं, की मी जरा ओशाळते. हापूसच्या कलमांचे नाहीत, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ काजूचेही नाहीत. माव्याचे, म्हणजे झाडांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचे! चवळीची कोवळी रोपं ट्रेमध्ये उगवून त्यांवर आम्ही मावा वाढवतो, त्याला ऊन लागू नये म्हणून हिरवी जाळी लावतो, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून मांडणीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवतो. सासूबाई पहिल्यांदा हे बघून म्हणाल्या होत्या, "लोक मावो जांव दे म्हणान देवाक गाऱ्हाणा घालतत, आणि तू मावो पोसतंस?"

सासऱ्यांची नर्सरी वेंगुर्ल्याजवळची, कलमांची. मी लग्न होऊन आले तेव्हा फुलझाडं हा जोडधंदा होता: जास्वंद, अबोली, मोगरा, गुलाब. २०१५ च्या थंडीत गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांवर असा मावा पडला की शेंडे दिसेनात. पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. असली कुंडी कोण घेणार? मी औषध मारलं. आठ दिवस बरं होतं, मग मावा परत आला, आणि पहिल्यापेक्षा जास्त आला. पुन्हा मारलं. पुन्हा आला.

गोठ्यामागे भात कापल्यावर ओलीवर टाकलेली चवळीची एक ओळ होती. तिकडे पंप पोचला नव्हता. देठ काळ्या माव्यानं भरले होते आणि त्यात भलतंच काही फिरत होतं: नखाएवढी लांब, काळी, पाठीवर पिवळट ठिपके, सहा पायांची, छोट्या मगरीसारखी अळी. हीच चवळी खातेय असं समजून मी अर्धी ओळ उपटून जाळली. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसावर टाकली, मग पावण्यारावळ्यांत विसरले. पंधरवड्यानं गेले तर देठ स्वच्छ, शेंगा धरलेल्या, पानाखाली कोषांची टरफलं.

दोन-चार अळ्या बाटलीत घालून कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात गेले. तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "ढालकिड्याची अळी आहे ही. जाळलीत ती हीच ना?"

ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. केशरी पाठीवर काळ्या नागमोडी रेषांचा, वाटाण्याच्या डाळीएवढा, मुलं हातावर घेतात तो. त्याची अळी मात्र कुणाला ओळखता येत नाही, आणि मावा खाण्यात तीच पुढे. मावा जमलेला असतो तिथेच मादी पिवळी, उभी, दाटीनं अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात, चार वेळा कात टाकतात, आणि आपल्याकडच्या उबेत आठवड्या-दीड आठवड्यात कोषात जातात. तेवढ्या दिवसांत एकेक अळी शेकड्यांनी मावा फस्त करते. शिवाय तिला पंख नाहीत. प्रौढ किडे विकायचे तर डबा उघडताच निम्मे शेजाऱ्याच्या परसात; अमेरिकेत डोंगरात जमणारे ढालकिडे गोळा करून बागांसाठी विकतात, त्यांचंही तेच होतं. अळी जिथं सोडाल तिथलंच झाड चढते.

माव्याचा वेगही समजून घ्यायला हवा, नाहीतर औषधाला दोष देत बसतो. माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, जिवंत पिल्लं, आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः विणू लागतात. फवारणीत चार मावे पानाच्या घडीत वाचले, आणि ढालकिडे मात्र सगळे मेले, की मैदान मोकळं. माझ्या गुलाबांवर तेच झालं होतं.

मग या अळ्याच माव्यावर पोसून विकायच्या असं ठरवलं. दीड वर्ष ट्रे, ब्रश आणि भिंग. कलमांच्या शेडमधला एक कोपरा मला मिळाला. मावा वाढवणं सोपं निघालं, अळ्या सांभाळणं नाही. भूक लागली की त्या एकमेकींना खातात. एका बरणीत दीडशे ठेवल्या, सकाळी सत्तर होत्या. उपाय शेवटी गिरणीत सापडला: भाताचा तूस. बरणीत तूस घातला की लपायला जागा मिळते, गाठभेट कमी होते. आजही आमच्या डब्यात अळ्या तुसातच जातात, बरोबर मावा लागलेली चवळीची दोन पानं, शिदोरी म्हणून.

पहिली मोठी ऑर्डर मालवणच्या एका होमस्टेची. दोनशे अळ्या. मी स्वतः जाऊन संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडून सोडल्या, मालकांना सगळं समजावलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन: माळ्यानं काळे किडे बघितले आणि औषध मारून टाकलं. माळ्याची काय चूक? मी तरी काय वेगळं केलं होतं? त्या दिवसापासून प्रत्येक डब्याच्या झाकणावर अळीचा मोठा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘हिला मारू नका’. आमच्या धंद्यातली सगळ्यांत उपयोगी गुंतवणूक ती. आणि माळ्याला गाठल्याशिवाय डबा द्यायचा नाही, हा नियम.

दुसरा फटका कुरिअरचा. कंपनीचं नाव घेत नाही. पुण्याला पाठवलेला डबा वाटेत दोन दिवस उन्हात पडून राहिला. शंभर पाठवल्या, पोचल्या अकरा, पण धष्टपुष्ट. तेव्हापासून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचेल तिथवरच आम्ही माल देतो. गिऱ्हाईक कमी झालं, झोप वाढली.

लॉकडाऊनमध्ये गच्चीवरच्या बागा वाढल्या आणि फोन वाढले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं शेडची जाळी माडावर नेऊन टांगली, ट्रे चिखलात गेले. पुन्हा उभं करायला पुढची थंडी उजाडली. तसंही जून ते सप्टेंबर आमचं अळ्यांचं खातं बंदच असतं. कोकणातला पाऊस मावा धुऊन नेतो, दमटपणात रोपं कुजतात. चार महिने कलमंच पोट भरतात, हे मी कुणापासून लपवत नाही.

जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण या ढालकिड्याला आवरत नाही. त्यासाठी क्रिप्टोलिमस नावाचा दुसरा भुंगेरा लागतो, १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. त्याला तांबड्या भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवून पोसतात. मी कुडाळच्या बाजारात भोपळे टेम्पोनं घेते तेव्हा लोकांना वाटतं घरात लग्न आहे. गंमत अशी, की या भुंगेऱ्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे झुबके घेऊन हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. तिचा फोटो झाकणावर लावूनही लोक मारतात. या खात्यात अजून तोटाच आहे.

अळ्या मागणाऱ्याला मी आधी मुंग्यांबद्दल विचारते. माव्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात. कुंडीच्या खोडाला चिंधी गुंडाळून ग्रीस फासा, मग बोलू. गेल्या पंधरवड्यात फवारणी केली असेल तर अळ्या देतच नाही, पैसे देत असले तरी. आणि चार-दोन शेंड्यांवर मावा असेल तर म्हणते, पाण्याचा फवारा मारा, थांबा. परसात एक ओळ चवळी लावा आणि तिच्यावरचा मावा तसाच राहू द्या. नवरा म्हणतो, तू दुकान उघडून बसतेस आणि गिऱ्हाइकाला घरी पाठवतेस. खोटं नाही. ज्याच्या बागेत एकदा बस्तान बसलं, तो दुसऱ्या वर्षी अळ्या घेत नाही. तो कलमं घेतो, म्हणून चाललंय.

मालवणच्या होमस्टेची ऑर्डर दरवर्षी डिसेंबरात असायची. या वेळी मी आधीच ट्रे भरून ठेवले होते. फोन मालकांचा नव्हे, त्या माळ्याचा आला.

"वयनी, काळे किडे आपसूक इलेत हत. चवळेर बसलेत. ह्या वर्साक धाडू नकात."

मी म्हटलं, "मारलास नाय ना?"

"नाय वो. झाकणावरचो फोटो गोठ्यात चिकटवलंय."