चौकटीपासून नोंदवहीपर्यंत : आमची वाटचाल

चित्रकार गेल्यानंतर त्याची चित्रे, रेखाटने, पत्रे आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या न्यासांसाठी काम करणे हा आज आमचा मुख्य व्यवसाय आहे. चित्रांना टिकाऊ चौकटी करणे, कागदावरील कामांची दुरुस्ती, साठवणीच्या पेट्या तयार करणे आणि संपूर्ण संग्रहाची नोंदवही उभी करून देणे अशी कामे आम्ही घेतो. आमची पेढी लहान आहे, माणसे मोजकी आहेत. मात्र एवढ्या वर्षांत अनेक संग्रह आतून पाहता आले. त्यावरून झालेले एक मत या लेखात सविस्तर मांडायचे आहे. संग्रहाचे भवितव्य चित्रकाराच्या मोठेपणापेक्षा त्याच्या पश्चात न्यासाची धुरा कोण घेतो आणि ती कशी वाहतो, यावर अधिक अवलंबून असते. आमचा व्यवसाय वाढला तो अशी धुरा नीट वाहणाऱ्या माणसांमुळे.

वडिलांनी १९७९ साली गिरगावात फ्रेमचे दुकान सुरू केले. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, दिवंगत आजोबांचे एन्लार्जमेंट हा रोजचा धंदा होता आणि वार्षिक प्रदर्शनांच्या दिवसांत कलाविद्यार्थ्यांची त्यात भर पडत असे. मोल्डिंगचा, म्हणजे चौकटीच्या पट्टीचा, दर फुटावर ठरे. त्या काळी सगळीकडेच चित्रामागे साधा पिवळा पुठ्ठा, त्यामागे प्लायवुड आणि कडेने लोखंडी चुका अशी पद्धत होती. या पुठ्ठ्यातील आणि लाकडातील आम्ल हळूहळू चित्राच्या कागदात उतरते, कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो आणि मुंबईच्या पावसाळी हवेत त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. दुकानात दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या जुन्या फ्रेमा उघडताना हे सारे आम्हाला दिसत होते. पुढे आम्ही आम्लविरहित पुठ्ठा, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू हा पातळ पण चिवट कागद वापरायला शिकलो, तसेच काच आणि चित्र यांच्यात माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकोनाचे, अंतर ठेवण्याचा आग्रह धरू लागलो. खर्च वाढला आणि काही गिऱ्हाइके तुटली. जी टिकली त्यांच्यात दिवंगत चित्रकारांची कुटुंबे अधिक होती.

त्यांपैकी एका जलरंगचित्रकाराच्या न्यासाने आमच्या कामाची दिशाच बदलली. न्यासाचे काम चित्रकाराचे जावई पाहत असत. ते बँकेतून निवृत्त झालेले होते. कलेचे शिक्षण नव्हते, पण नोंदीची शिस्त हाडीमाशी भिनलेली होती. चौकटी बदलण्यासाठी चित्रे आमच्याकडे देताना त्यांनी अट घातली की मागचा पुठ्ठा कितीही कुजलेला असला, तरी त्यावर काय काय आहे हे नोंदवल्याखेरीज तो टाकायचा नाही. आम्ही पहिलीच फ्रेम उघडली, तेव्हा पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाचे अर्धवट कसरीने खाल्लेले लेबल, त्याखाली शिसपेन्सिलीने लिहिलेली किंमत आणि कडेला चित्रकाराच्याच अक्षरात गावाचे नाव मिळाले. चित्राच्या दर्शनी बाजूवर तारीख नव्हती. चित्र कोठे रंगवले गेले, केव्हा आणि कोणत्या प्रदर्शनात लोकांसमोर आले, याचा माग काढण्याची वाट त्या कुजक्या पुठ्ठ्यातून निघाली. तेव्हापासून आम्ही अशी लेबले सोडवून, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून चित्राच्या मागेच ठेवतो. प्रत्येक कामाला क्रमांक, पुढचे व मागचे छायाचित्र, सेंटिमीटरमधील माप, माध्यम, सहीची जागा, स्थिती आणि आजवरच्या मालकांची साखळी असा नोंदीचा जो साचा आम्ही वापरतो, तोही त्या जावईबापूंनी बँकेच्या खतावणीवरून बेतून दिलेला आहे.

या विषयात जगभर ज्यांचे काम आदर्श मानावे, त्या व्यक्तीनेही अशीच वही सांभाळली होती, हे मला पुढे वाचनातून कळले. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८९० च्या जुलैमध्ये गेला आणि त्याचा भाऊ थिओ १८९१ च्या जानेवारीत. थिओची पत्नी योहाना, म्हणजे यो, अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात एक वर्षाचा मुलगा होता आणि घरात फारशी मागणी नसलेली शेकडो चित्रे व पत्रांचे गठ्ठे होते. तिने हॉलंडमधील बुसम या गावी घर घेऊन तेथे पाहुण्यांसाठी खानावळवजा निवास चालवला, भाषांतरे केली आणि त्याच्या जोडीने चित्रांचे काम हाती घेतले. थिओच्या संसारखर्चाच्या वहीतच ती चित्रांच्या विक्रीच्या नोंदी ठेवत गेली. ती वही आजही जपलेली आहे आणि कोणते चित्र कोणाकडे गेले याचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांना ती आधारभूत ठरते.

यो हिची विक्रीची पद्धत मला सर्वांत विचारपूर्वक वाटते. पैशांची निकड असूनही तिने संग्रह एकरकमी विकला नाही. चित्रे थोडी थोडी बाहेर सोडली, प्रदर्शनांना उसनी दिली आणि विक्रीची नसलेली उत्तम चित्रेही प्रदर्शनात मांडली, जेणेकरून शेजारच्या विक्रीच्या चित्रांचे मोल वाढेल. १९०५ साली तिने ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाची दालने स्वतः भाड्याने घेऊन ४८० हून अधिक कामांचे प्रदर्शन भरवले. व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रे तिने १९१४ साली ३ खंडांत प्रसिद्ध केली. त्यासाठी ती इतकी वर्षे थांबली होती, कारण चित्रकाराच्या आयुष्याबद्दलचे कुतूहल त्याच्या चित्रांच्या आधी पसरू नये असे तिला वाटत होते. ‘सूर्यफुले’ हे चित्र तिला घरातच ठेवायचे होते. लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी मागणी आली तेव्हा आधी तिने नकार दिला आणि अखेर १९२४ साली व्हिन्सेंटच्या कीर्तीसाठी ते सोडले. पुढल्याच वर्षी तिचे निधन झाले.

तिच्या मुलाचे काम त्या मानाने कमी सांगितले जाते. न्यास चालवणाऱ्या माणसाला मात्र त्यातूनच अधिक शिकण्यासारखे आहे. व्हिन्सेंट विलेम हा पेशाने अभियंता होता. वारशाने मिळालेला संग्रह पुढच्या पिढीत वाटण्या होऊन विखुरला जाईल हे ओळखून त्याने १९६० साली व्हिन्सेंट व्हॅन गॉग प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९६२ साली डच सरकारशी करार करून दीड कोटी गिल्डरच्या मोबदल्यात संग्रह प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. तो संग्रह कायमस्वरूपी लोकांसाठी खुला राहावा म्हणून सरकारने संग्रहालय बांधायचे, असे ठरले आणि १९७३ साली ॲम्स्टरडॅममध्ये ते सुरू झाले. प्रतिष्ठानाच्या मंडळावर कुटुंबातील माणसांबरोबर सरकारचा प्रतिनिधीही असतो. मालकी प्रतिष्ठानाची, इमारत आणि देखभाल सरकारची, आणि कुटुंबाचा शब्द मंडळापुरता, अशी ही विभागणी आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी ही विभागणी समजावून सांगतो, कारण आपल्याकडे चित्रे कोणाच्या नावावर आहेत हा प्रश्न चित्रकार हयात असेपर्यंत विचारणे अनेकांना अशुभ वाटते.

आपल्या देशात ज्यांनी हा प्रश्न हयातीतच सोडवला, त्यांत चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. मंडला जिल्ह्यात जन्मलेले रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या स्थापनेत सहभागी झाले आणि १९५० पासून साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले. २००१ साली त्यांनी दिल्लीत रझा फाउंडेशन स्थापन केले. त्याची सूत्रे हिंदी कवी अशोक वाजपेयी यांच्याकडे आहेत. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राची उभारणी आणि वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे पहिले कुलगुरुपद असा प्रशासनाचा मोठा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रझांनी १९८१ साली रंगवलेल्या ‘माँ’ या चित्रावर देवनागरीत जी काव्यपंक्ती लिहिली, ती वाजपेयींचीच आहे. चित्रकाराने आपल्या वारशासाठी माणूस निवडताना नातेसंबंधापेक्षा विचारांचा सहवास पाहिला, हे मला फार मोलाचे वाटते. या प्रतिष्ठानाने रझांच्या चित्रांपुरते स्वतःला बांधून न घेता कविता, संगीत, नृत्य आणि तरुण कलावंत यांनाही पाठबळ दिले, कारण रझांची इच्छाच तशी होती. २०१६ साली रझा गेले आणि २०२३ साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलाकेंद्रात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले.

नोंदवहीचे महत्त्व पटवून देतानाही मी रझांचेच उदाहरण देतो. २००९ च्या जानेवारीत दिल्लीत त्यांच्या सुरुवातीच्या काळातील म्हणून काही चित्रांचे प्रदर्शन भरले होते. ते पाहायला स्वतः रझा गेले आणि त्यांतील अनेक चित्रे आपली नाहीत, असे त्यांनी तेथेच सांगितले. प्रदर्शन बंद करावे लागले. चित्रकार हयात होता म्हणून हे उघड झाले. त्याच्या पश्चात हे सांगण्याचा अधिकार केवळ कागदोपत्री पुराव्याला राहतो. २०१६ साली रझांच्या चित्रांच्या समग्र सूचीचा पहिला खंड निघाला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात यावे. २०२३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या ‘जेस्टेशन’ या चित्राला ५१ कोटी ७५ लाख रुपये मिळाले. इतकी किंमत आली की बनावट चित्रांचा धोका वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

या व्यवसायात असल्यामुळे कायद्याचा अभ्यास आम्हाला करावाच लागला. चित्र विकत घेणाऱ्याला चित्राची मालकी मिळते, पण ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो चित्रकाराकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो. चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे तो टिकतो. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १९६७ साली गेले, म्हणजे या सर्वसाधारण नियमाने त्यांच्या कामांवरील हक्काची मुदत २०२७ अखेर संपते. अलिबागजवळच्या त्या गावी त्यांच्या राहत्या घरातच शिल्पालय आहे आणि त्यांच्या सूनबाईंनी ते वर्षानुवर्षे जिव्हाळ्याने सांभाळले. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत शिल्पांचा असा संग्रह राखणे किती कष्टाचे असते, हे आमच्यासारख्यांना चांगले कळते, म्हणून त्या कुटुंबाबद्दल मला मनापासून आदर आहे. मूळ चित्र पुन्हा विकले जाऊन १० हजार रुपयांहून अधिक किंमत आली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ नुसार चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागता येतो आणि त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. ही तरतूद आमच्याकडे आलेल्या बहुतेक कुटुंबांनी ऐकलेलीही नव्हती.

सर्वच न्यास नीट चालतात असे नाही. एका न्यासाच्या अध्यक्षांनी चित्रकारावरील भक्तीपोटी सगळी चित्रे एका खोलीत कुलूप लावून ठेवली होती. अभ्यासकाला दाखवायची नाहीत, प्रदर्शनाला द्यायची नाहीत, छायाचित्रेही काढू द्यायची नाहीत, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांच्या निधनानंतर खोली उघडली तेव्हा भिंतीला टेकवलेल्या कॅन्व्हासच्या मागे वाळवीची माती चढलेली होती आणि कागदावरची रेखाटने एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी विश्वस्त म्हणून अजून दिवंगतांचीच नावे होती. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो कोणी केलाच नव्हता, त्यामुळे बँकेतले पैसे असूनही दुरुस्तीसाठी काढता येत नव्हते. जी रेखाटने आम्ही सोडवू शकलो, ती सोडवली. उरलेली गेली, आणि त्यांची साधी छायाचित्रेसुद्धा कोठे नाहीत.

अशा अनुभवांतून पेढीचे काही नियम ठरत गेले. चित्र अस्सल असल्याचा दाखला आम्ही देत नाही. पाहिलेले आणि मोजलेले तेवढेच नोंदीत लिहितो. चित्रांच्या विक्रीत दलाली घेत नाही, कारण नोंद ठेवणाऱ्याचा किमतीशी संबंध आला की त्याच्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवू नये. न्यासांकडे पैसा कमी असतो, म्हणून बिलाचे हप्ते करून देतो आणि कामाची सुरुवात चौकटींऐवजी नोंदवहीपासून करतो. चौकट पुढच्या वर्षी झाली तरी चालते. नोंदवहीची एक प्रत न्यासाच्या जागेबाहेर ठेवायची, हीही अट असते. या नियमांमुळे काही मोठी कामे हातची गेली, तरी न्यास चालवणाऱ्यांनी एकमेकांना आमचे नाव सांगितले आणि आज आमचे जवळपास सर्व काम अशा ओळखीतून येते. वडिलांचे दुकानही चालू आहे. तसबिरी आणि फोटो तेथे आजही फ्रेम होतात.

गेल्या काही वर्षांत आम्ही कोटेशनमध्ये एक बाब वाढवली आहे. काम चालू असताना न्यासाने आपली किमान दोन माणसे आमच्याबरोबर बसवावीत आणि त्यांपैकी एक चाळिशीच्या आतले असावे, अशी विनंती आम्ही करतो. त्यांना चित्र कसे धरावे, मागची बाजू कशी वाचावी, हायग्रोमीटरवरची आर्द्रता दर आठवड्याला कशी नोंदवावी, उसन्या दिलेल्या चित्राची जाता-येता स्थिती कशी तपासावी हे शिकवतो. त्यासाठी वेगळे शुल्क घेत नाही. जलरंगचित्रकाराच्या त्या न्यासाचे काम आता जावईबापूंची भाची पाहते. ती संगणकावर नोंदी ठेवते आणि नवीन माहिती मिळाली की जुनी नोंद न खोडता तिच्याखाली तारीख घालून लिहिते. पुढच्या वर्षी त्या चित्रकाराच्या रेखाटनवह्यांचे काम आम्ही हाती घेणार आहोत आणि वह्यांची शिवण उसवावी की तशीच ठेवून छायाचित्रे काढावीत, यावर तिच्याशी सध्या चर्चा चालू आहे.