रडायचे असेल तर घरी

काल उंच उडीच्या सरावाच्या वेळी धाकटी रडली याचे मला फारसे काही वाटले नाही. ती ज्या झटक्यात थांबली, ते मात्र रात्रभर डोक्यातून गेले नाही. अंग काठीवरून स्वच्छ पार गेले होते, शेवटी टाच लागून काठी पडली. गादीवर पालथी पडून ती मोठ्याने हुंदके देऊ लागली, तोच सर म्हणाले, "रडायचे असेल तर घरी." त्यानंतर एकही हुंदका आला नाही. तिने स्पाइक्स काढून पिशवीत भरले आणि चर्चगेटला गाडीत चढल्यावर "आज गर्दी कमी आहे ना?" असे मलाच विचारले. गर्दी मुळीच कमी नव्हती.

सर वाईट नाहीत, आणि त्यांच्या हाताखाली पोरांच्या उड्या सुधारतात हेही खरे. मला खुपते ती तिची सफाई, कारण ती आमच्या घरातून आलेली आहे. बाबा गेले तेव्हा मीसुद्धा... असो. ऑफिसात माझ्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, याचे अजून कौतुक होते. या कौतुकावर इतकी वर्षे काढली आणि त्या बदल्यात मला नेमके काय मिळाले, हा हिशेब काल रात्री मांडून पाहिला. तो जुळला नाही, आणि स्वतःची फार कीव आली.

झोप येईना म्हणून इटलीच्या जियानमार्को ताम्बेरीच्या उड्या पाहत बसले. अर्धी दाढी राखून आणि अर्धी काढून मैदानात उतरणारा, टाळ्या मागून घेणारा हा माणूस पूर्वी मला नाटकी वाटायचा. 2016 च्या जुलैमध्ये मोनाकोला त्याने 2.39 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच संध्याकाळी 2.41 च्या प्रयत्नात त्याचा घोटा जायबंदी होऊन रिओ ऑलिम्पिक हुकले. तेव्हा तो सगळ्यांदेखत रडला. पायाचे प्लास्टर मात्र त्याने जपून ठेवले, त्यावर टोकियोचे नाव लिहिले, आणि 2021 मध्ये ते प्लास्टर सोबत घेऊनच टोकियोच्या मैदानात उतरला. तेथे तो आणि कतारचा बार्शिम दोघेही 2.37 पार करून 2.39 ला तीनदा अडले आणि सुवर्णपदक वाटून घेतले. त्यानंतरचे त्याचे लोळणे सगळ्यांनी पाहिले आहे.

जिंकल्यावरचे लोळणे लोक खपवून घेतात. मला पॅरिस अधिक महत्त्वाचे वाटते. उद्घाटनाला ध्वज हलवताना लग्नाची अंगठी सीन नदीत पडली, तर या गृहस्थाने बायकोची जाहीर माफी मागितली. आमच्याकडे महिनाभर बेसिनचे पाइप उघडून पाहिले असते आणि बाहेर कोणाला पत्ता लागू दिला नसता. पुढे मूतखड्याच्या कळा उठल्या, अंतिम फेरीच्या दिवशी रक्ताची उलटी झाली, तरी तो उतरला, 2.22 वर अकरावा आला आणि तेथेही काही लपवले नाही. 2025 च्या जागतिक स्पर्धेत तर तो पात्रता फेरीतच बाद झाला. त्याच स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातला आपला सर्वेश कुशारे 2.28 उडी मारून सहावा आला, हे मी धाकटीला आधीच दहादा ऐकवले आहे.

रडल्याने उडी वाढते असा माझा दावा नाही. पण न रडल्यानेही ती वाढल्याचे मला कोठे दिसले नाही, आणि एवढ्या एका शंकेवर मी सरांशी भांडायला जाणार नाही, हेही मला ठाऊक आहे. आमच्यात भांडणेसुद्धा घरी नेऊन करण्याची पद्धत आहे.

सकाळी चहाच्या वेळी तिला मोनाकोचा व्हिडिओ दाखवला. घोट्याकडे तिचे लक्षच गेले नाही.

"दाढी अर्धीच का?"

"त्याची हौस."

"मग मी एकाच बाजूची वेणी घालू? दुसरी बाजू मोकळी?"

घाल म्हटले. शाळेतून चिठ्ठी आली तर सही मीच करीन.