झेडचा कुत्रा

स्मरणिकेसाठी आम्हा माजी विद्यार्थ्यांना एकच विषय दिला आहे : शाळेने मला काय दिले. मला एक कुत्रा दिला. तोही चोरीचा.

साल १९८७. आपल्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात मी अकरावी कलेला होतो. पाचवीपासून इंग्रजी शिकत आलो होतो, तरी निबंध म्हटला की पोटात गोळा यायचा. वर्गात सगळ्यांकडे एकच गाईड. त्यातले 'वाढती गुन्हेगारी' आणि 'फाशीची शिक्षा असावी की नसावी' हे दोन निबंध हमखास येणार अशी आवई होती, म्हणून तेवढे घोकायचे आणि पेपरात ओकायचे. पहिल्या चाचणीत निम्म्याअधिक वर्गाच्या निबंधात एका चोरापुढे ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी, बसलेली निघाली. वह्या परत देताना बाईंनी विचारलं, "ज्यूरी कुणी पाहिली आहे?"

कोर्ट आमच्या शाळेच्या मागच्याच अंगाला होतं. शिपायाचा पुकारा मधल्या सुट्टीत मैदानापर्यंत ऐकू यायचा. ज्यूरी मात्र कुणी पाहिली नव्हती. त्या तासाला बाईंनी पुस्तक मिटलं आणि मुंबईचा नानावटी खटला सांगितला. १९५९ साली नौदलातल्या कमांडरने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते मानलं नाही आणि जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली. पुढे आपल्याकडची ज्यूरीची पद्धतच मोडीत निघाली. "तेव्हा तुमच्या चोराला साध्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा," असं म्हणून बाईंनी सगळ्यांच्या ज्यूऱ्या बरखास्त केल्या.

(बाईंनी नाव छापायला सक्त मनाई केली आहे. ज्यांना ओळखायचं ते लाल शाईवरून ओळखतील.)

दुसऱ्या दिवशी बाई एक जाडसर, पानं सुटलेलं पुस्तक घेऊन आल्या. त्यांचे वडील कोर्टात कारकून होते, त्यांच्या कपाटातलं. इंडियन पीनल कोड, कलमं ५११. आपल्याकडे शिक्षणावरून ज्याच्या नावाने बोटं मोडायची पद्धत आहे, त्याच मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली याचा मसुदा केला, कायदा झाला १८६० साली आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. बाई म्हणाल्या, "गाईडवाल्यापेक्षा याचं इंग्रजी बरं आहे."

खरोखरच बरं होतं. प्रत्येक कलमाखाली उदाहरणं, म्हणजे चार-दोन ओळींच्या गोष्टी. त्या गोष्टींत ए हा बहुतेक वेळा लबाड आणि झेड बिचारा कायम गमावणारा. कलम ३७८, चोरी : ए खिशात कुत्र्याला आवडेल असं काहीतरी ठेवतो आणि झेडचा कुत्रा त्याच्या मागे येतो. ए-ला तो लबाडीने न्यायचा असेल, तर कुत्रा मागे चालू लागला त्याच क्षणी चोरी पूर्ण. हात लावायचीही गरज नाही! त्याच्या पुढची गोष्ट बैलाची. पाठीवर खजिन्याची पेटी असलेला बैल ए-ला वाटेत भेटतो आणि तो बैलाला आपल्याला हव्या त्या दिशेला हाकतो. बैल हलला की खजिन्याची चोरी झाली. ज्यांच्या घरी बैलजोडी होती त्यांनी लगेच विचारलं, पेटीसकट बैल कोण मोकळा सोडतो? बाई म्हणाल्या, "झेड."

मग थेफ्ट, रॉबरी आणि डकॉइटी. गाईडमध्ये हे तिन्ही शब्द भाजीत कोथिंबीर पेरावी तसे पेरलेले असायचे. बाईंनी फळ्यावर तीन घरं आखली. नुसती लबाडीने उचलली ती चोरी. त्यासाठी मारलं, अडवलं किंवा तिथल्या तिथे इजा करण्याची भीती घातली की जबरी चोरी. आणि ती पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा. चौघांपर्यंत रॉबरी, पाचवा आला की डकॉइटी. चोरीला तीन वर्षांपर्यंत, जबरी चोरीला दहा, तीच हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केली तर चौदा, आणि दरोड्याला थेट जन्मठेपेपर्यंत. शब्द चुकला की माणसाची किती वर्षं जातात, हे त्या तीन घरांत लिहिलेलं होतं.

यावर मागच्या बाकावरून हात वर झाला. "बाई, आम्ही पाच जणांनी कैऱ्या पाडल्या. दरोडा ना?" बाईंनी हा खटला अर्धा तास चालवला. मालकाला मारलं? नाही. धमकावलं? उलट त्यानेच आम्हाला. म्हणजे दरोडा बाद, जबरी चोरीही बाद. उरली साधी चोरी, आणि तीही कैरी झाडावर होती तोवर नाही. जमिनीला जोडलेली वस्तू चोरता येत नाही. देठ तुटला की ती जंगम मालमत्ता झाली, आणि आम्ही चोर. कलम ९५ पाहून आमची सुटका झाली. कुठलाही समंजस माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हा नव्हे. झाडाचा मालक समंजस नव्हता असा मुद्दा एका मुलीने काढला, तेवढ्यात घंटा झाली.

'लूट', 'ठग' आणि 'डकॉइट' हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलले असंही बाईंनी सांगितलं. हे उचलणं थेफ्ट की रॉबरी, यावर वर्गात आठवडाभर एकमत झालं नाही.

खरी लाल शाई सांडायची ती मात्र छोट्या शब्दांवर. अक्यूज्ड ऑफ, अरेस्टेड फॉर, चार्ज्ड विथ, कन्व्हिक्टेड ऑफ, सेंटेन्स्ड टू, अक्विटेड ऑफ. आम्ही सगळीकडे सरसकट 'फॉर' ठोकायचो. माणूस तोच, चोरी तीच, मग शेपूट कशाला बदलायचं? बाई म्हणायच्या, मराठीत नाही का बदलत? चोरीचा आरोप, चोरीवरून अटक, चोरीबद्दल शिक्षा, चोरीतून सुटका. हे तुम्हाला कुणी पाठ करायला लावलं होतं का? माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला तो इथे. शिवाय 'हंग' आणि 'हँग्ड'. फाशी दिलेल्या माणसाला मी सलग तीन निबंधांत भिंतीवर टांगलं होतं.

फाशीच्या निबंधाला गाईडमध्ये 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' होता. बाईंनी तो काढून 'रेअरेस्ट ऑफ रेअर' घातला. सुप्रीम कोर्टाने १९८० साली बच्चन सिंग खटल्यात म्हटलं होतं की जन्मठेप हा नियम, आणि फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच. त्याच निबंधाच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं, 'द क्रिमिनल वॉज ब्रॉट टू द कोर्ट.' बाईंनी 'क्रिमिनल' खोडून वर 'अक्यूज्ड' लिहिलं आणि समासात मराठीत विचारलं : निकाल कधी लागला?

बोर्डाच्या पेपरात यातलं काहीच आलं नाही. मी झाडांचं महत्त्व लिहून पास झालो.

पुढे टायपिंग, लघुलेखन, शंभर शब्दांची परीक्षा आणि साताऱ्याला न्यायालयात लघुलेखकाची नोकरी. साक्षीदार मराठीत सांगतो, साहेब इंग्रजीत डिक्टेशन देतात, आपण उतरवायचं. पहिल्याच वर्षी एका खिसेकापूच्या प्रकरणात साहेबांनी 'स्टोल' सांगितलं आणि मी टाइप करताना घाईत 'रॉब्ड' केलं. दोन्ही शब्द गाईडमध्ये एकाच ओळीत असायचे ना! रात्री जेवताना फळ्यावरची तीन घरं डोळ्यांपुढे आली आणि घास घशातच अडकला. सकाळी साहेबांची सही व्हायच्या आत जाऊन दुरुस्त केलं. साहेब म्हणाले, "बरं झालं, पाहिलंस." हे मी आजवर बाईंना सांगितलेलं नाही, इथेच वाचतील.

१ जुलै २०२४ ला पीनल कोड गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली. ५११ ची ३५८ कलमं झाली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, आणि नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारं बोलणं आहे. जुने वकील अजून सवयीने ३०२ म्हणतात आणि जीभ चावतात. फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये, पण गावात कुणी कुणाला 'तीनशेअठरा' म्हणालेलं मी अजून ऐकलं नाही. त्या आठवड्यात जुनी आणि नवी कलमं शेजारी शेजारी मांडून तक्ता करत बसलो होतो, तेव्हा कलम ३०४ दिसलं. स्नॅचिंग. गळ्यातली साखळी हिसकावली तर ती थेफ्ट की रॉबरी, हा आमच्या वर्गात अर्धवट राहिलेला वाद होता. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "दोन्हीत बसवता येईल, आणि दोन्हीत नीट बसणार नाही." आता हिसकावणीला स्वतःचं घर मिळालं होतं.

संध्याकाळी बाईंना फोन लावला. बाईंना आता कमी ऐकू येतं, म्हणून ओरडूनच सांगितलं, "बाई, स्नॅचिंगला वेगळं कलम झालं. आज पहिला आरोपी आला, चार्ज्ड फॉर..."

"विथ," बाई म्हणाल्या.

"विथ, बाई."

थोडा वेळ नुसती खरखर. मग त्यांनी विचारलं, "आणि झेडचा कुत्रा? तो ठेवलाय का नव्या कायद्यात?"

तक्ता समोरच होता. कलम ३०३, दुसरं उदाहरण.

"आहे, बाई. अजून ए-च्या मागेच चाललाय."