गाणे सुरू होते आणि डुक्कर निसटते

सर्वांना आधीच पाठ असलेले गाणे चित्रपटात वापरणे जोखमीचे असते, कारण प्रेक्षक दृश्य सोडून स्वतःच्या आठवणींत शिरतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१३ च्या ‘फँड्री’त हीच सवय कामाला लावली. मोठ्या मुश्किलीने डुक्कर तावडीत येत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, घरच्यांसोबत डुकरामागे धावणारा शाळकरी नायक जब्या जागीच ताठ उभा राहतो, मागोमाग घरचेही थबकतात आणि डुक्कर मात्र आरामात निघून जाते. सोलापुरातल्या थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतले एक काका खुर्चीवरून अर्धवट उठले, इकडेतिकडे पाहून पुन्हा बसले. (मीही पाय जवळ घेतलेच होते.) हसू आले, पण ते घशातच अडकले. पुढे ‘सैराट’मध्ये ‘झिंगाट’वर नाचवलेल्या त्याच प्रेक्षकाला त्यांनी शेवटी निव्वळ शांततेत सोडले.