पटावर मराठी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. धारावीत अंगणवाडी चालवते म्हटलं की लग्नात, लोकलमध्ये, कुठेही पहिला प्रश्न हाच येतो: "तुमच्याकडे मराठी मुलं कितीशी असतील?"

आज पटावर 3 ते 6 वर्षांची 31 मुलं आहेत, त्यात मुली 17. माझ्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख, उंची, वजन, प्रवर्ग सगळं लिहायचं असतं. मातृभाषेचा रकाना मात्र नाही. मग घरं आठवून सांगते. सोलापूर-साताऱ्याकडची सात. तमिळ घरं गल्लीत बरीच, पण मूल चार वर्षांचं झालं की इंग्रजी नर्सरीत जातं. अशांची नावं कधीकधी पटावरच राहतात, खिचडीपुरती. बाकी बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारची, आईबाप शिलाईच्या कारखान्यात.

ही सरमिसळ आजची नाही. 1975 साली देशात ज्या 33 ठिकाणी अंगणवाड्यांची सरकारी योजना सुरू झाली त्यात धारावी होती, आणि कुंभारवाड्यातले गुजराती तेव्हाही इथलेच होते.

पण 31 हा आकडा लिहून ठेवू नका. होळीला गावी गेलेली काही मुलं एकदम जूनमध्ये उगवतात. गावाचं एक वेळ परवडलं, परत तरी येतात. पट खरा फुटतो तो खोलीमुळे. भाडेकरार 11 महिन्यांचा. तो संपला आणि मालकाने भाडं वाढवलं की बिऱ्हाड निघालं कुर्ल्याला नाहीतर गोवंडीला. जाताना कोणी सांगत नाही. दोन दिवस हजेरी लागली नाही की मदतनीस घरी जाऊन बघते, तर दाराला कुलूप, नाहीतर आत नवीनच माणसं. त्यांच्याकडे लहान मूल असलं तर आमची बेरीज परत जागेवर!

परवा वजनं घेत होते. जौनपूरकडच्या एका बाईने मुलीला चपलांसकट काट्यावर उभं केलं. पोरगी खाली उतरली आणि आईलाच म्हणाली, "अम्मा, चपला काढू दे ना, बाई ओरडेल." आई माझ्याकडे बघून कसनुशी हसली. तिला 'चपला' तेवढं कळलं होतं.

वजन भरलं 13 किलो 200. त्यांचा करार सप्टेंबरात संपतोय.