भांगाच्या पाण्यावर मुक्काम

माझी होडी चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. ती लाकडी असून जी.पी. १४ या वर्गातली आहे. जॅक होल्ट या ब्रिटिश रचनाकाराने १९४९ साली या वर्गाचा आराखडा तयार केला, आणि शर्यत, वल्हवणे व सहल अशा सगळ्याच कामांना ती चालावी हा त्यामागचा हेतू होता. तिच्या शिडावर घंटेचे चिन्ह असते, कारण ज्या ॲबरडोवी गावात ही होडी आधी रुजली, त्या गावाची समुद्रात बुडालेल्या घंटांची दंतकथा वेल्समध्ये प्रसिद्ध आहे. एका नौकानयन क्लबाने मोडीत काढलेली ही होडी मी नऊ वर्षांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून ती कफ परेडजवळच्या कोळीवाड्यात, तिथल्या मंडळींच्या परवानगीने, मासेमारीच्या होड्यांच्या शेजारी उभी असते. दर हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ आणि मी तिच्यातून अलिबागच्या किनाऱ्यावर मुक्कामाला जातो, आणि आता ते भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत. या नऊ वर्षांत तिच्यात जे बदल केले, त्यांतला जवळजवळ प्रत्येक बदल पहिल्या सहलीत झालेल्या एका चुकीतून निघाला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चांदणे मिळावे म्हणून आम्ही पौष पौर्णिमेचा दिवस निवडला होता. पहाटे निघालो, कुलाब्याच्या दक्षिणेला पसरलेला खडक टाळण्यासाठी प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेरून वळसा घेतला आणि दुपारी बाराच्या सुमारास, ऐन भरतीला, आवासच्या पुळणीवर होडी लावली. सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकला, भात शिजवला आणि निवांत झोपलो. मध्यरात्रीची भरती होडीखाली येऊन तिला तरंगवून परत गेली, ते आम्हाला कळलेही नाही. सकाळी सहा वाजता पाहतो तो होडी कोरड्या वाळूत बसलेली आणि पाणी तिच्यापासून अडीचशे पावलांवर! रिकाम्या सांगाड्याचे वजनच सुमारे १३३ किलो असते. त्यात डोलकाठी, शीड, नांगर, पाण्याचे डबे आणि सामान धरले, तर दोन माणसांनी ती एवढ्या अंतरावर ओढत नेणे अशक्यच होते. अकरा वाजेपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि तोवर जमिनीकडून येणारा सकाळचा मतलई वारा पडून वायव्येकडून खारा, म्हणजे समुद्रावरचा, वारा सुरू झाला होता. परतीची दिशा नेमकी वायव्य! शीड आखूड करण्याची सोय होडीत नव्हती, कारण शर्यतीच्या शिडाला ती नसतेच. जहाजांच्या मार्गावर ओहोटीचा ओढ वाऱ्याच्या विरुद्ध धावत होता, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या झाल्या होत्या. भाऊ तीन तास सतत पाणी उपसत होता. अंधार पडल्यावर आम्ही कोळीवाड्याला लागलो, तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची सालपटे निघाली होती.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका वृद्ध तांडेलांनी (मासेमारी होडीच्या प्रमुखांनी) मला शेजारी बसवून सगळे विचारून घेतले. रागावले नाहीत, परंतु उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी होडी पुळणीवर लावून झोपणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. भरतीची वेळ काढण्याचा जो हिशेब किनाऱ्यावर सर्वांना तोंडपाठ असतो, तो मला त्यांच्याकडून मिळाला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला साधारण सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला बाराच्या आसपास. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटी यांतला फरक साडेतीन मीटरच्या पुढे जातो, तर भांगाच्या दिवसांत तो दीड मीटरच्या आसपास राहतो. आवाससारख्या सपाट पुळणीवर पाण्याची पातळी एक मीटर उतरली की समुद्र पन्नास-साठ मीटर मागे जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचा अर्थ उमगतो.

भांगाला एवढा एकच फायदा असता, तरी तो पुरेसा होता. पण वेळाही जुळून येतात. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी सहा-सातला भरती असते, तेव्हा आपण मुक्कामाला लागतो. मध्यरात्रीच्या ओहोटीत होडी वाळूवर बसते आणि सकाळी सहा-सातच्या भरतीला, म्हणजे नेमका मतलई वारा वाहत असताना, ती पुन्हा तरंगते. ईशान्येकडून येणारा हा वारा परतीच्या वाटेवर उजव्या बाजूने लागतो आणि शिडाच्या होडीला याहून सुखाचा वारा नाही. मात्र ठीक अष्टमीला किंवा तिच्या आधी जाऊ नये. त्या दिवसांत प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा कमी चढण्याची शक्यता असते, आणि संध्याकाळी जिथे होडी टेकली तिथवर सकाळचे पाणी पोचलेच नाही, तर ती तीन-चार दिवस अडकून पडते. नवमी-दशमीपासून पाणी वाढू लागते. शिवाय एकाच दिवसाच्या दोन भरत्या मुंबईत सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून तिथीवरून दिवस ठरवला तरी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहिल्याशिवाय मी निघत नाही.

हे समजल्यावर बदलांची दिशा आपोआप ठरली. पाण्यापासून होडी दूर नेण्याऐवजी तिला पाण्याच्या कडेलाच राहू द्यायचे आणि आपणही तिच्यातच झोपायचे.

पहिला बदल तंबूचा. परबाणाचे, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीचे, मागचे टोक बांबूच्या कात्रीवर उचलून धरायचे, त्यावरून कापड टाकायचे आणि दोन्ही बाजूंना काठाखाली बसवलेल्या हुकांत अडकवायचे, अशी रचना आहे. सुरुवातीला मी निळी प्लास्टिकची ताडपत्री वापरली आणि ती चूक ठरली: पहाटे तीनला आतून थेंब गळू लागले आणि वाऱ्याने ती रात्रभर फडफडत राहिली. मग जाड सुती कॅनव्हास आणून शिवून घेतला. तो जड आहे आणि भिजला की वाळायला दिवस घेतो, पण त्यातून हवा खेळते आणि तो फडफडत नाही. झोपण्यासाठी आय.एस. ७१० प्रतीच्या मरीन प्लायच्या अरुंद पट्ट्या कॅनव्हासच्या दोन फितींवर ठोकल्या, म्हणजे दिवसा त्यांची गुंडाळी होते आणि रात्री तळाच्या पातीच्या मधल्या पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक फळी पसरता येते. स्क्रू आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आणले. ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत असा माझा आग्रह आहे, कारण स्वस्त म्हणून घेतलेले आधीचे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजले आणि त्यांच्या भोवतीचे लाकूड काळे पडले.

ओहोटीत होडी वाळूवर बसते तो अर्धा तास मी नेहमी जागून काढतो. आधी फळ्यांखाली चुळुक-चुळुक चालू असते, मग ती थांबते, होडी एकदोनदा कापते आणि एका कुशीवर कलते. या कलण्याने झोपणारा एका बाजूला घसरत जातो. म्हणून आता हवा भरलेल्या दोन रबरी उशा मी त्या कुशीखाली, होडी बसायच्या जरा आधी, गुडघाभर पाण्यात उतरून सरकवतो. होडी आडवी घसरू नये म्हणून पाण्यात सोडायची तळाची पाती वर-खाली करण्याची फटही वाळूने आणि शंखांच्या चुऱ्याने बुजते आणि सकाळी पाती खाली उतरत नाही. तिच्या खालच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवली आहे. पाती अडकली की वरून ती दोरी खेचायची.

शिडाला दोन ठिकाणी आखूड करण्याच्या दोऱ्या शिवून घेतल्या. ते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचे काम. दुसऱ्या टप्प्यापर्यंत शीड उतरवले की दुपारच्या खाऱ्या वाऱ्यातही होडी हाताळता येते, अर्थात मुळात त्या वेळी आपण किनाऱ्याला लागलेलो असावे. वारा पडला तर आठ फुटी वल्ही आहेतच. ही होडी ताशी तीन-साडेतीन सागरी मैलांनी चालते. उधाणाला बंदरातला ओढ दोन नॉटच्या (ताशी दोन सागरी मैलांच्या) पुढे जातो, म्हणजे विरुद्ध ओढात तिचा निम्म्याहून जास्त वेग खाऊन जातो. भांग निवडण्याचे हेही एक कारण.

हवेच्या पिशव्या काठाखाली पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. त्या खरोखर होडीला तरंगवतील का, हे पाहण्यासाठी बॅकबेमध्ये, एक मासेमारीची होडी शेजारी उभी ठेवून, आम्ही ती मुद्दाम उलटी केली. होडी तरली. पण एका पट्टीचा स्क्रू निघाला, आणि पाणी उपसायचे भांडे बांधलेले नसल्यामुळे वाहून गेले. ज्या भांड्यावर आमचा सारा भरवसा होता, तेच सर्वांत आधी गेले! आता आमच्या होडीत बांधलेली नाही अशी एकही वस्तू नाही.

जाण्याआधी मी सागरी पोलीस ठाण्याला मार्ग आणि परतीची वेळ कळवतो, ओळखपत्रे आणि जीवरक्षक जाकिटे सोबत असतात. सागरी सुरक्षेचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आतल्या बाजूला रंगवून ठेवले आहेत. २६ नोव्हेंबर २००८ नंतर या किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे, आणि आपण कोण हे आधीच सांगितलेले सर्वांच्याच हिताचे असते. अंधारात आम्ही चालत नाही. मासेमारीची डोल जाळी ज्यांना बांधतात ते खुंट आणि बोये रात्री दिसत नाहीत, आणि कोणाचे जाळे फाटले तर ते त्याच्या घरच्या चुलीचे नुकसान असते.

गेल्या माघात दशमीला थळला मुक्काम केला. समोर खांदेरी, तिच्या शेजारी उंदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे पाहऱ्यावर असतानाही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर जात. पाती वर घेतली की माझी होडीही वीतभर पाण्यात तरते, त्यामुळे त्या रात्री दीपगृहाच्या उजेडाकडे पाहताना ही गोष्ट मला वाचून समजली होती त्याहून जास्त समजली. साडेसातला पाणी आले. भावाने नांगर घेतला, मी तंबू गुंडाळला, आणि वाळूचा ओला गोळा तळाच्या फटीतून सुटावा म्हणून दोरीला एक हिसका दिला. पाती उतरली.

पुढचा बेत रेवदंड्याचा आहे. कुंडलिकेच्या मुखाशी पोचायला मध्ये दोन मुक्काम लागतील, म्हणून पाण्याचा साठा दहा लिटरवरून वीस लिटरवर नेतो आहे आणि तो डोलकाठीच्या मागे, अगदी तळाशी कुठे बसवावा याची मापे या आठवड्यात घेत आहे.